पहिला पाऊस पडायच्या आत: प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या प्रशिक्षणाबद्दल खुलं पत्र

प्रति,
आरोग्य खात्यात ज्यांच्या सहीनं प्रशिक्षणाचं वेळापत्रक निघतं आणि ज्यांच्या सहीनं ते रद्द होतं, त्या सर्व वरिष्ठांना

स. न. वि. वि.

गेल्या जुलैत एका रात्री अडीच वाजता माझा फोन वाजला. मी निवृत्त वैद्यकीय अधिकारी. आता पंचवटीत राहते, पण त्याआधी २६ वर्षं नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत काढली आहेत, त्यामुळे अपरात्रीच्या फोनला मी अजून पहिल्या रिंगलाच उठते. फोन माझ्या जुन्या केंद्रातल्या नव्या डॉक्टरचा होता. पावसाचा आवाज इतका होता की ती ओरडूनच बोलत होती.

"मॅडम, स्नेकबाइट आहे. वीस मिनिटांची टेस्ट लावतेय. पण माझ्याकडं सगळ्या ट्यूब प्लास्टिकच्या आहेत. चालतील का?"

नाही चालत. घोणस चावली की रक्त गोठायचं थांबतं, आणि ते थांबलंय का हे पाहायची आमच्याकडची चाचणी अगदी साधी आहे. काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच तिरपी करून बघायची. गोठलं असेल तर रक्त जागचं हलत नाही, नसेल तर पाण्यासारखं वाहतं. काचेच्या स्पर्शानं रक्ताची गोठायची क्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये ती तशी होत नाही. साबणानं धुतलेल्या नळीतसुद्धा उत्तर चुकतं. म्हणजे नळी चुकीची असेल तर विष न भिनलेल्या माणसालाही आपण प्रतिसर्पविष, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, देऊन बसू, आणि त्या औषधाची रिॲक्शन जिवावर बेतू शकते.

मी तिला म्हटलं, लॅबच्या कपाटात सगळ्यात खाली, जुन्या रजिस्टरांच्या मागं एक खोका बघ. तो मीच ठेवला होता. खोका होता. २० मिनिटं आम्ही दोघी फोन चालू ठेवून बसलो. रक्त पातळच राहिलं. मग सलाईनमधून तासाभरात प्रतिसर्पविषाच्या १० व्हायल, आणि सुरू करायच्या आधी, रिॲक्शन आलीच तर म्हणून, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन भरून हाताशी. आवणीहून परतताना बांधावर त्या माणसाच्या पायाखाली घोणस आली होती. तो वाचला. सकाळी १०८ नं जिल्ह्याला गेला आणि आठवड्यानं चालत घरी आला.

फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. एका शिकलेल्या, मेहनती डॉक्टरला ऐन वेळी जे माहीत असायला हवं ते तिला एका निवृत्त बाईला झोपेतून उठवून विचारावं लागलं. माझा फोन बंद असता तर? त्या डोंगरात रेंज गेली असती तर? ती तर रोजच जाते.

आता यात आपला संबंध कुठं येतो ते सांगते. त्याच्या आधीच्या मे महिन्यात या मुलीचं नाव तीन दिवसांच्या प्रशिक्षणाच्या यादीत होतं. सर्पदंश, फवारणीची विषबाधा, न रडलेलं बाळ, गरोदर बाईला आलेले झटके, असं सगळं हातानं करून शिकवणारं प्रशिक्षण. चार दिवस आधी व्हॉट्सअॅपवर पत्र आलं: प्रशिक्षण रद्द, त्याऐवजी दोन तासांची ऑनलाइन बैठक, लिंक सोबत जोडली आहे, सर्वांनी हजेरीचा फॉर्म भरावा. ती बैठक सोमवारी, बाजारच्या दिवशी, ऐन ओपीडीत होती. तिनं मोबाइल टेबलावर उभा करून ठेवला आणि समोरचे पेशंट तपासत राहिली. आवाज मध्येच तुटायचा. संध्याकाळी प्रमाणपत्र आलं. त्या प्रमाणपत्रावर 'सर्पदंश व्यवस्थापन' असं छापलेलं आहे. काचेच्या नळीचा विषय त्या दोन तासांत निघाला होता की नाही, हे तिला आठवत नाही.

यंदाचं वेळापत्रक मी पाहिलं. यंदाही तेच आहे. म्हणून हे पत्र.

मी कुणावर दोषारोप करायला बसलेली नाही. हाताशी असलेला पैसा, माणसं आणि वरून येणारे आदेश यांची ओढाताण मी जवळून पाहिली आहे. पण जे चाललंय ते बरोबर नाही, आणि ते गप्प बसून बघत राहणं मला जमत नाही. त्याला कारण माझी स्वतःची एक चूक आहे. ती मी आजवर चारचौघांत कधी सांगितली नाही.

नोकरीचा पहिला पावसाळा. पहाटे साडेपाचला तिशीची एक बाई आली, पोट दुखतंय, दोनदा उलटी झाली. अंगावर जखम नाही, सूज नाही, चावल्याची खूण नाही. मी अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं. ती म्हणाली, "डाक्टरीणबाई, डोळं उघडंनात." मला वाटलं, रात्रभर झोप झाली नसेल. तासाभरात तिला मान उचलेना. दोन तासांत थुंकी गिळता येईना. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला: मण्यार. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो, दात दिसत नाहीत, दुखत नाही, आणि पहाटे पोटदुखीनं सुरुवात होते. आम्ही तिला जीपमध्ये घातलं. घाट उतरायच्या आत तिचा श्वास थांबला. तिच्या सासूनं पदर तोंडाशी धरला होता आणि माझ्याकडं बघत होती. मला काही विचारलं नाही तिनं.

एमबीबीएसला मण्यारावर मी टीप लिहिली होती, पैकीच्या पैकी मार्क पडतील अशी. पण जमिनीवरचं अंथरूण, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या या तीन गोष्टी एका माणसात दिसल्या की काय समजायचं, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. पुढं दाखवलं ते शेजारच्या तालुक्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी येऊन. त्यानंतर पहाटेच्या पोटदुखीला पापण्या वर करायला लावल्याशिवाय मी कधीही औषध लिहिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं शिकणं पडद्यावर होत नाही. ते हातानं होतं, पुन्हा पुन्हा केल्यानं होतं, आणि आपल्या पेशंटच्या आजारांवर बोलल्यानं होतं.

आता तक्रारी, एकेक करून.

सगळ्यात मोठी तक्रार सरावाची. न रडलेल्या बाळाला पिशवी-मास्कनं श्वास देणं घ्या. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम देशात २००९ साली सुरू झाला, त्यातलं ते 'सोनेरी मिनिट', म्हणजे बाळाचा श्वास सुरू करायचं जन्मानंतरचं पहिलं मिनिट, आता प्रत्येक लेबर रूमच्या भिंतीवर लावलेलं असतं. भिंतीवर वाचून ते येत नाही. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं हनुवटीच्या हाडाखाली, मान किंचित मागं. मिनिटाला ४० ते ६० वेळा. पिशवी दाबल्यावर छाती वर आली पाहिजे; नाही आली तर मास्क गळतोय, नाहीतर मान चुकलीय. हे सगळं घड्याळाच्या काट्यावर, रडणाऱ्या नातेवाइकांच्या गलक्यात, घामानं निसरड्या झालेल्या हातांनी करायचं असतं.

एका वर्षी आमच्याकडं जिल्ह्याहून एक ज्येष्ठ परिचारिका आल्या होत्या. त्यांनी व्याख्यान दिलंच नाही. सरावासाठीची बाळाची बाहुली टेबलावर ठेवली, आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि दुपारभर एकच काम: मास्क लावा, छाती वर आणा, काढा, पुन्हा लावा. मी डॉक्टर असूनही माझा मास्क पहिल्या सहा वेळा गळला. जाताना त्या सांगून गेल्या, दर आठवड्याला दहा मिनिटं हे करा, नाहीतर हात विसरतो. आम्ही लसीकरणाच्या दिवशी कोल्ड बॉक्स परत आले की बाहुली काढायचो. आठ महिन्यांनी उपकेंद्रात एका मुलीचं बाळंतपण झालं, बाळ पांढरंफटक, हालचाल नाही. तिथं आरोग्यसेविका एकटी होती. तिनं मोजत मोजत श्वास दिले आणि दुसऱ्या मिनिटाला बाळ रडलं. मला फोनवर ते रडणंच आधी ऐकू आलं, ताई काय म्हणतायत ते नंतर.

पुढं माझी बदली झाली. नव्या केंद्रातही बाहुली होती, डेडस्टॉक रजिस्टरला नोंदवलेली आणि कुलपात ठेवलेली. खराब झाली तर वसुली निघेल, अशी सगळ्यांना भीती. तिच्या अंगावरचं मूळ प्लास्टिक तीन वर्षांनी मी स्वतः फाडलं. ज्यांनी ती जपून ठेवली त्या माणसांचा यात दोष नाही. वापरून झिजलेल्या बाहुलीसाठी कुणाला जाब विचारला जाणार नाही, असं वरून एकदा लेखी यायला हवं होतं, ते कधी आलं नाही.

गर्भारपणातल्या झटक्यांचंही तसंच. मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम खोल, देऊन मगच बाईला पुढं पाठवायचं, हे नियमात आहे. पण जिनं आयुष्यात एकदाही ते इंजेक्शन भरलेलं नाही ती सिस्टर रात्री तीनला घाबरते, आणि बाई डोस न घेताच रेफर होते. ही भीती जायला हातच हवेत.

दुसरी तक्रार वेळेची. माझ्या नोकरीत बहुतेक प्रशिक्षणं फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकली गेली, कारण पैसे ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवे असत. आमच्याकडं साप निघतात जूनपासून. मार्चमध्ये घाईघाईनं शिकलेलं जुलैपर्यंत निम्मं निघून जातं, आणि ज्यांची बदली मेमध्ये होते ते तर शिकलेलं सोबत घेऊनच जातात. नवीन आलेल्याला पुढच्या मार्चची वाट पाहावी लागते.

तिसरी, सगळ्या जिल्ह्याला, किंबहुना सगळ्या राज्याला एकच साचा. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि ते एकसारखे नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरात भात-नागलीची शेतं आणि साप. दिंडोरी-निफाडला द्राक्षबागा, तिथं फवारणीची विषबाधा होऊन माणूस येतो. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या असतात, छातीत पाणी खुळखुळतं, आणि ॲट्रोपिन किती द्यायचं हे छाती कोरडी होईपर्यंत पेशंटकडं बघत ठरवावं लागतं. मालेगावात यंत्रमागाच्या धुळीत काम करणाऱ्याचा खोकला क्षयाचा आहे की दम्याचा, हा प्रश्न. पेठ-सुरगाण्याची माणसं दिवाळीनंतर द्राक्षबागांत कामाला उतरतात, म्हणजे एकच गरोदर बाई सप्टेंबरात एका केंद्राची आणि जानेवारीत दुसऱ्याची. तिचं कार्ड घरी राहतं. या दोन केंद्रांच्या डॉक्टरांना एकत्र बसवून या एका विषयावर बोलू दिलेलं मी २६ वर्षांत पाहिलं नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दलही हेच. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. तपासण्या झाल्या, कार्डं वाटली गेली, ते चांगलंच झालं. पण कार्ड हातात आलेला मुलगा हाडं दुखतात म्हणून रडत रात्री आला तर त्याला किती पाणी, कोणतं वेदनाशामक, कधी पुढं पाठवायचं, आणि हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध चालू असेल तर रक्ताच्या कोणत्या तपासण्या कधी करायच्या, हे त्याच्या सगळ्यात जवळच्या डॉक्टरला यायला हवं. अशा वेळी सगळ्यांना पुढं पाठवून भागत नाही. सुरगाण्याहून नाशिक ९० किलोमीटरच्या आसपास आहे, तेही पावसात.

मग येतो प्रश्न बदली डॉक्टरचा. आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. दोन डॉक्टरांच्या जागा असल्या तरी बऱ्याचदा एकच भरलेली असते. तो एक प्रशिक्षणाला गेला की केंद्र उघडं पडतं. म्हणून तो जात नाही, किंवा सही करून दुपारी परततो. यात त्याला आळशी कसं म्हणणार? मी स्वतः दोनदा प्रशिक्षण अर्धवट सोडून परत आले आहे, कारण मागं लेबर रूममध्ये बाई होती.

उपकेंद्रांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांविषयी थोडं. आपल्याकडं यातले बरेच जण बीएएमएस आहेत, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आलेले. लोक त्यांना डॉक्टरच म्हणतात आणि पहिल्यांदा त्यांच्याकडंच जातात. बीपी-शुगरच्या गोळ्या तेच चालू ठेवतात. पण त्या सहा महिन्यांनंतर त्यांना जे मिळतं ते बहुतेक पोर्टल कसं भरायचं याचं प्रशिक्षण. एका तरुण अधिकाऱ्यानं मला विचारलं होतं, "मॅडम, गोळी चालू करून तीन महिने झाले, बीपी उतरत नाही, आता काय करू, हे मी कुणाला विचारायचं?" माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून माझा नंबर दिला.

डॉक्टरांना वैद्यकीय परिषदेकडच्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० तासांचं निरंतर वैद्यकीय शिक्षण लागतं. नियम योग्य आहे, तो कडकच असावा. पण हे तास शहरातल्या सभागृहांत, रविवारी, फी भरून मिळतात, आणि विषय असतात मोठ्या हॉस्पिटलांचे. रविवारी आमच्या केंद्रात ड्युटी असते. मी हे तास कसेबसे भरले. त्यातले निम्मे अशा शस्त्रक्रियांबद्दल होते ज्यांचं उपकरणही मी कधी पाहणार नव्हते.

हे सगळं बदलणं अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावरचं काम बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सुरू केलं. विंचू चावलेली मुलं डोळ्यांसमोर दगावताना पाहून ते पेशंटच्या उशाशी बसून राहिले, नोंदी ठेवल्या, आणि त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला. तो पुढं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि आज कुठल्याही केंद्रात विंचूदंशाला तीच गोळी दिली जाते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या साध्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं; १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या लेखात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसतं. त्या बायकांना एकदा शिकवून सोडून दिलेलं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या घरापर्यंत जाऊन त्यांचं काम पुन्हा पुन्हा पाहत होतं, चुकलं तिथं हात धरून दाखवत होतं. आज आपल्या आशाताई बाळाच्या घरी वजनकाटा घेऊन जातात त्याचं मूळ तिथं आहे.

ऑनलाइनला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट सांगते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली प्रोजेक्ट इको सुरू केला. खेड्यातले डॉक्टर दर आठवड्याला पडद्यावर जमायचे आणि आपापला हिपॅटायटिस-सीचा पेशंट मांडायचे. तज्ज्ञ त्यावर बोलायचे, बाकीचे ऐकून शिकायचे. खेड्यातल्या त्या डॉक्टरांच्या पेशंटना विद्यापीठाच्या दवाखान्याइतकाच गुण आला, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे पडदा उपयोगी पडतो, पण तो बोलता हवा, नेमानं भरणारा हवा, आणि त्यावर बोलणारा डॉक्टर आपला पेशंट घेऊन आलेला हवा. एकाने बोलायचं, तीनशे जणांनी म्यूटवर ऐकायचं आणि शेवटी फॉर्म भरायचा, याला शिकणं म्हणत नाहीत.

आणि आता सिंहस्थ. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नाशिक-त्र्यंबकेश्वरी मुख्य स्नानं आहेत. भाविकांसाठी वैद्यकीय पथकं लागतील, त्यासाठी केंद्रांतले डॉक्टर आणि सिस्टर घेतल्या जातील. २०१५ ला माझ्या केंद्रातून निम्मी माणसं गेली होती. जायला हवीच. पण तेच महिने आमच्याकडं सापांचे, तापाचे आणि तुटलेल्या रस्त्यांचे. मागं जे दोन-तीन जण उरतील, त्यात बहुधा सगळ्यात नवे असतील. त्यांच्यावर काय वेळ येणार आहे ते आजच दिसतंय, आणि तयारीला अजून वेळ आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

यंदाचं रद्द केलेलं प्रत्यक्ष प्रशिक्षण पहिला पाऊस पडायच्या आत घ्या, आणि ते जिल्ह्याच्या ठिकाणी सगळ्यांना बोलावून न घेता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, वीस-वीसच्या गटांत घ्या. ऑनलाइन बैठकीला प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जागा देऊ नका.

प्रशिक्षणाच्या दिवसांत केंद्रात बदली डॉक्टर द्या. त्याचं नाव प्रशिक्षणाच्या पत्रातच असू दे.

प्रत्येक केंद्रात बाहुली, पिशवी-मास्क आणि काचेच्या नळ्या लेबर रूममध्ये किंवा ड्रेसिंग रूममध्ये उघड्यावर असाव्यात, कुलपात नाही. सरावात झिजलेल्या साहित्याची वसुली होणार नाही असं एका ओळीचं लेखी पत्र काढा. याला पैसाही लागत नाही.

दर तीन महिन्यांनी एक अनुभवी डॉक्टर आणि एक अनुभवी परिचारिका प्रत्येक केंद्रात एक दिवस जाऊन बसावी. तपासणीला नव्हे, रजिस्टर मागू नये. सोबत काम करावं आणि हात दाखवावा.

आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वारी, तालुक्यातल्या डॉक्टरांनी आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी आपला अवघड पेशंट मांडायचा, आणि जिल्ह्याचा एक फिजिशियन, एक बालरोगतज्ज्ञ, एक स्त्रीरोगतज्ज्ञ आळीपाळीनं त्यावर बोलेल, अशी सोय करा. या तासांना निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे गुण मिळतील यासाठी वैद्यकीय परिषदेकडं प्रस्ताव पाठवा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. तिथून पेठ आणि दिंडोरी फार लांब नाहीत. या कामात त्यांना बरोबर घ्या.

कुटुंबवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण केंद्रातच राहून घेता येईल अशा जागा सेवेतल्या डॉक्टरांसाठी मागा. आज आमचा हुशार डॉक्टर पीजीला जातो तो परत केंद्रात येत नाही, कारण केंद्राच्या कामातच मोठं होण्याची वाट त्याला कुणी ठेवलेली नाही.

सिंहस्थासाठी माणसं घेताना प्रत्येक आदिवासी केंद्रात सर्पदंश आणि बाळंतपण सांभाळू शकणारा किमान एक डॉक्टर आणि एक सिस्टर मागं राहतील, ही यादी आधी करा, पथकांची यादी त्यानंतर.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्मे करायचे, असं केंद्र सरकारनं मार्च २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात म्हटलं आहे. आपल्या जिल्ह्यात त्याची सुरुवात करायची तर पैसा आणि परिपत्रकाच्या आधी त्या मुलीच्या हातात काचेची नळी द्यावी लागेल, आणि ती कशी धरायची हे तिच्याजवळ उभं राहून दाखवावं लागेल.

मी त्या कामाला यायला तयार आहे. पेठ असो, हरसूल असो, सुरगाणा असो. मानधन नको, गाडी नको. पेठ नाक्यावरून मला एसटी मिळते. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोन सिस्टरांशी मी बोलले आहे, त्याही तयार आहेत. आम्हाला फक्त पंधरा दिवस आधी तारीख कळवा. बाहुली आमच्याकडं आहे.

आपली,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी
पंचवटी, नाशिक